गाडीखाली वाकून मी काय पाहतो

अहमदाबादजवळ कठवाडा येथे, दास्तान इस्टेटमध्ये, प्राणलाल भोगीलाल यांचा शंभराहून अधिक जुन्या मोटारींचा खासगी संग्रह लोकांना पाहण्यासाठी खुला आहे. रत्नागिरीहून आम्ही चौघे तेथे गेलो, तेव्हा बाकीचे तिघे रोल्स-रॉइस आणि डेमलरच्या देखण्या तोंडासमोर उभे राहून छायाचित्रे काढत होते आणि मी प्रत्येक गाडीपाशी गुडघा टेकून विजेरीच्या उजेडात खाली पाहत होतो. ‘एवढ्या लांब जाऊन खाली काय शोधत होतात?’ असे तेव्हापासून मला वारंवार विचारले जाते. तुम्हीही विचारलेत म्हणून लिहितो.

मी गंज शोधत होतो. मांडवीच्या बंदरापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला लोखंड पाहिले की आधी तोच आठवतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण गाडीचा खरा शत्रू पाऊस नव्हे, खारा वारा आहे. वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे बारीक कण पत्र्यावर बसतात आणि हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली की ते हवेतलेच पाणी ओढून विरघळतात. त्यामुळे पावसाचा एक थेंबही न लागता, छपराखाली झाकून ठेवलेल्या गाडीवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो, आणि साध्या पाण्यापेक्षा अशा पाण्यात लोखंड कितीतरी लवकर गंजते. होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल लावणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

हा गंज रंगावर दिसू लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो, कारण तो आतून बाहेर येतो. काचेच्या फटीतून दारात उतरलेले पाणी बाहेर जावे म्हणून दाराच्या तळाशी छिद्रे ठेवलेली असतात. माझ्या गाडीची ती छिद्रे आंब्याच्या मोहोराने आणि मातीने बुजली होती. मी वरून रंग चमकवत राहिलो आणि एका मे महिन्यात दाराखालच्या पोकळ पत्र्यावर बोट दाबले, तर बोट सरळ आत गेले. प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीला वेगळी चासी नसते. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा असतो, त्यामुळे तिचा पत्रा कुजला म्हणजे हाडच कुजले.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या रोल्स-रॉइसची गोष्ट निराळी आहे. कंपनी इंजिनासह चासी तयार करून देत असे आणि हूपर, बार्कर, थ्रप अँड मेबर्ली यांच्यासारखे कारखाने ग्राहकाच्या इच्छेप्रमाणे, बहुधा ॲश लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा चढवून, तिच्यावर बॉडी उभारत. म्हणजे तेथे लोखंडाबरोबर लाकूडही सांभाळायचे असते. दमट हवेत ते फुगते, मग सुकते, स्क्रू ढिले होतात, आणि चालताना दारे कुरकुरू लागतात. आपल्या पडवीत अशी गाडी ठेवली तर वाळवीचीही भीती. इतकी वर्षे जुने लाकूड आणि जुना पत्रा एकमेकांना धरून राहिले आहेत, यामागे किती हातांनी किती दिवस घालवले असतील, ते मला समोरून काढलेल्या छायाचित्रात कधीच दिसत नाही. दाराच्या खालच्या कडेला, मडगार्डच्या आतल्या वळणात आणि बिजागरीपाशी मात्र दिसते. दास्तानमध्ये गाड्यांच्या पोटाला धूळ लागलेली होती, पण ती कोरडी धूळ होती, बोटाने झटकता येईल अशी. कोकणातल्या माणसाला त्या कोरडेपणाचा हेवा वाटला, हे मी लपवत नाही.

घरी परतल्यावर मृगाच्या आधी मी पहिले काम केले ते दारांची छिद्रे तारेने मोकळी करण्याचे.

तुम्ही कोणत्याही संग्रहाला जाल तेव्हा विजेरी अवश्य न्या, दोरीच्या आत पाऊल टाकण्यापूर्वी तेथील माणसाची परवानगी घ्या, आणि गाडी कितीही आवडली तरी तिच्यावरून हात फिरवू नका. घामातही मीठ असते. म्हणून वाकताना मी मोकळा हात पाठीमागे धरतो.