किलिमांजारोच्या 'सोप्या' वाटेवर

सात खंडांतील सात सर्वोच्च शिखरांच्या यादीत टांझानियाचे किलिमांजारो सोपे मानले जाते, आणि या समजुतीचा मला आता राग येतो. दोर लागत नाही, बर्फकुऱ्हाड लागत नाही, वाट मळलेली आहे, हे सगळे खरे; परंतु उहुरू हा माथा ५८९५ मीटरवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, हे मुंबईत बसून बेत आखताना जाणवत नाही. आमच्यासोबत आलेले एक ज्येष्ठ मित्र १६४६ मीटरचे कळसूबाई भर पावसात न थांबता चढतात. त्यांचा दम कोणी काढावा, असा प्रश्नच नव्हता.

माचामे मार्गाचे पहिले दोन दिवस जंगलात, चिखलात आणि चांगल्या सुपावर गेले. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरपर्यंत, म्हणजे सुमारे ४६०० मीटरपर्यंत चढून पुन्हा बॅरांकोच्या तळावर सहाशेहून अधिक मीटर उतरायचे असते. कष्टाने मिळवलेली उंची अशी गमावणे आमच्या मित्रांना मुळीच पटले नाही. वास्तविक शरीराला विरळ हवेची ओळख करून द्यावी आणि झोपायला खाली यावे, यासाठीच ही वाट तशी आखलेली आहे.

येथपर्यंत शहाणपणाने आखलेला मार्ग पुढे पैशाने आखला जातो. राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क दिवसागणिक आकारले जाते, त्यामुळे एक मुक्काम कमी केला की सहलीची किंमत लगेच उतरते. आमच्या आयोजकांनी करांगाचा मुक्काम गाळलेला होता. बॅरांकोची खडी भिंत चढून, त्याच दिवशी ४६७३ मीटरवरील बाराफू गाठून, चार घास खाऊन आणि जेमतेम डोळा लागतो न लागतो तोच मध्यरात्री शिखराकडे निघायचे, असा तो कार्यक्रम होता. पत्रकात त्याला 'आटोपशीर' म्हटले होते.

त्या रात्री 'पोले पोले' म्हणत, म्हणजे हळूहळू, विजेऱ्यांची रांग वर सरकत होती. साधारण साडेपाच हजार मीटरवर आमचे मित्र विचित्र बोलू लागले. हातमोजा हातात असूनही ते तो शोधत होते. वाटाड्याने त्यांना थांबवले आणि एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालायला सांगितले. तिसऱ्या पावलाला त्यांचा तोल गेला. मेंदूला सूज येऊ लागल्याची ती खूण असू शकते आणि त्यावर खरा उपाय म्हणजे विनाविलंब खाली उतरणे. मित्र मात्र संतापले. आपण पूर्ण पैसे भरले आहेत, आपल्याला काहीही झालेले नाही, एवढा चढ आपण रोज चढतो, असे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले, आणि मागून येणारे गट आम्हाला वळसा घालून पुढे जात राहिले. वाटाडा वयाने त्यांच्या मुलाएवढा असेल. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, उद्या माझ्यावर रागवायला तुम्ही असायला हवे." सहायकाने त्यांचा दंड धरला आणि ते दोघे उतरू लागले.

मी पुढे गेलो. स्टेला पॉइंटनंतरचा चढ सौम्य आहे. उजाडता उजाडता हिमनद्यांचे उरलेले कडे दिसले. १९१२ पासून येथील बर्फाचे ऐंशी टक्क्यांहून अधिक क्षेत्र नाहीसे झाले आहे. शिखरावरच्या पाटीपुढे छायाचित्रांसाठी रांग होती आणि त्या रांगेत लोक अक्षरशः भांडत होते. मला तेथे दहा मिनिटेही थांबावेसे वाटले नाही.

म्वेकाच्या तळावर मित्र मजेत भात खात होते. डोके उतरले होते, राग उतरला नव्हता. वाटाड्याने घाई केली, असेच त्यांचे आजही मत आहे. दोष द्यायचाच तर तो गाळलेल्या मुक्कामाला द्यावा, असे माझे. आता त्यांनी एल्ब्रुसची चौकशी सुरू केली आहे. युरोपातील त्या ५६४२ मीटरच्या शिखरावर रज्जुमार्गच माणसाला ३८०० मीटरच्या वर नेऊन सोडतो, म्हणजे शरीराला सवय होण्याआधीच उंची फुकटात पदरात पडते. त्यांनी पाठवलेले पत्रक मी वाचले. उंचीची सवय होण्यासाठी त्यात नेमके किती दिवस ठेवले आहेत, असे मी त्यांना विचारले आहे; त्यांनी उत्तरादाखल सवलतीच्या दराचे दुसरे पत्रक पाठवले.