वाफेच्या इंजिनाला पिस्टन व्हॉल्व्ह बसवताना: माझा अनुभव

इंजिन आडवं, एका सिलिंडरचं, डबल अॅक्टिंग (वाफ पिस्टनला दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ढकलते). वाफ आत-बाहेर सोडायला आधी त्यात स्लाइड व्हॉल्व्ह होता, म्हणजे सपाट फेसवर सरकणारा. त्याजागी मी पिस्टन व्हॉल्व्ह, म्हणजे गोल नळीत सरकणारा व्हॉल्व्ह बसवला. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 100 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची चाल) 125 मिमी, पिस्टन रॉड 22 मिमी, मिनिटाला 300 फेरे आणि बॉयलरचा दाब गेजवर 7 बार. बॉयलर भाताच्या तुसावर चालतो. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यातलं तूस नागपुरात सहज मिळतं, पण हलकं इंधन भराभर जळतं, आच कमीजास्त होते आणि वाफ कोरडी राहत नाही. हा ओलेपणा पुढे सगळ्या निर्णयांत आडवा आला.

इंजिन चालत होतं, पण कामाच्या मानाने वाफ फार खात होतं. अशा वेळी सिलिंडर उघडण्याआधी व्हॉल्व्हची वेळ मोजावी. फ्लायव्हीलवर अंशांची तबकडी चिकटवली, स्टीम चेस्टचं (व्हॉल्व्ह ज्यात असतो त्या वाफेच्या पेटीचं) झाकण काढलं आणि चाक हाताने फिरवत पोर्ट (सिलिंडरात जाणारी वाफेची वाट) कधी उघडतो, कधी बंद होतो ते लिहून घेतलं. ट्रॅव्हल (व्हॉल्व्हची एकूण चाल) 18 मिमी, स्टीम लॅप (व्हॉल्व्ह मध्यावर असताना पोर्टच्या कडेपलीकडे जितका जातो तो) 3 मिमी, लीड (पिस्टन टोकावर असताना पोर्ट जितका उघडा असतो तो) 0.5 मिमी. या आकड्यांवरून एक्सेंट्रिकचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या, मध्य सरकवलेल्या चकतीचा) अॅडव्हान्स कोन, म्हणजे क्रँकपुढे 90 अंशांपेक्षा जितका जास्त तो, 23 अंश येतो आणि कटऑफ (आत येणारी वाफ बंद होणं) स्ट्रोकच्या 87 टक्क्यांवर. याचा अर्थ जवळजवळ पूर्ण स्ट्रोकभर बॉयलरची वाफ आत जात राहते, प्रसरणाचं काम ती करतच नाही आणि दाब शिल्लक असतानाच बाहेर पडते. एक्झॉस्ट उघडतो 96 टक्क्यांवर, त्यामुळे परतीच्या स्ट्रोकच्या सुरुवातीला पिस्टनला तीच वाफ मागे ढकलावी लागते.

दुसरी अडचण पोर्टची. पोर्ट 45 बाय 5 मिमी, म्हणजे 225 चौ. मिमी. पिस्टनचं क्षेत्रफळ 7854 चौ. मिमी आणि सरासरी वेग सेकंदाला 1.25 मीटर. गुणाकार करून पोर्टच्या क्षेत्रफळाने भागलं की वाफेचा सरासरी वेग सेकंदाला 44 मीटर निघतो. स्ट्रोकच्या मध्यावर पिस्टनचा वेग सरासरीच्या दीडपटीहून जास्त असतो, तेव्हा वाफेचा वेग 70 च्या आसपास जातो. ओल्या वाफेला मी 30 च्या वर सरासरी वेग देत नाही. वेग वाढला की दाब पोर्टमध्येच पडतो आणि इंडिकेटरच्या (स्ट्रोकभर सिलिंडरातला दाब रेखाटणाऱ्या उपकरणाच्या) आकृतीत वरची रेघ आडवी न राहता उतरत जाते.

इथे पहिला मोह होतो तो स्लाइड व्हॉल्व्हलाच जास्त लॅप देऊन कटऑफ लवकर आणण्याचा. कागदावर ते सोपं दिसतं. लॅप 3 वरून 6 मिमी केला आणि एक्सेंट्रिक पुढे सरकवला की कटऑफ 52 टक्क्यांवर येतो. पण ट्रॅव्हल तेवढाच राहिल्यामुळे पोर्ट जास्तीत जास्त 3 मिमी उघडतो. 45 गुणिले 3 म्हणजे 135 चौ. मिमी आणि वाफेचा वेग 73 मीटर. प्रसरणात कमावलेलं सगळं गळ्यातच जातं. लॅप वाढवायचा तर ट्रॅव्हलही वाढवायलाच हवा.

स्लाइड व्हॉल्व्हचा ट्रॅव्हल का वाढवत नाहीत, याचं कारण त्याच्या पाठीवरचा भार. या इंजिनात व्हॉल्व्ह 70 बाय 50 मिमीचा होता. 7 बारवर त्याच्या पाठीवर सुमारे 250 किलो दाब बसतो. खालच्या पोकळीतून थोडा परतावा मिळतो, पण फार नाही. एवढा भार घेऊन तो मिनिटाला 300 वेळा पुढे-मागे घासतो. ट्रॅव्हल दीडपट केला की घासणं दीडपट, एक्सेंट्रिकच्या पट्ट्यावर ताण आणि फेसवर चरे. पिस्टन व्हॉल्व्हवर दाब चारही बाजूंनी सारखा असतो, म्हणून तो हलका चालतो आणि लांब ट्रॅव्हल झेपवतो. ब्रिटनमध्ये 1925 साली ग्रेट वेस्टर्न रेल्वेची कॅसल इंजिनं आणि लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेची मोठी पॅसिफिक इंजिनं एकमेकांच्या मार्गांवर चालवून पाहिली होती. लहान असूनही कॅसलने कमी कोळसा जाळला. त्यानंतर दुसऱ्या कंपनीने आपल्या पॅसिफिकचा व्हॉल्व्ह गिअर बदलून लांब लॅप, लांब ट्रॅव्हल स्वीकारला. लहान इंजिनालाही हेच गणित लागू पडतं.

बाकीचे पर्याय मी लवकर बाजूला ठेवले. कॉर्लिसचे चार वेगळे व्हॉल्व्ह उत्तम, क्लिअरन्स (पिस्टन टोकावर असताना उरणारी मोकळी जागा) कमी, पण त्याची ट्रिप यंत्रणा (व्हॉल्व्ह झटक्याने सोडून बंद करणारी) मंद इंजिनासाठी आहे, 300 फेऱ्यांना ती साथ देत नाही. पॉपेट (सीटवरून उचलल्या जाणाऱ्या) व्हॉल्व्हला कॅम ग्राइंडिंग लागतं आणि गरम झाल्यावर सीट वाकते. युनिफ्लोचं (वाफ टोकाकडून आत, सिलिंडरच्या मध्यावरून बाहेर) पुढे येईलच.

नवीन माप असं ठरवलं: पिस्टन व्हॉल्व्हचा व्यास 32 मिमी, ट्रॅव्हल 28 मिमी, लॅप 9, लीड 0.5. 32 मिमीचा परीघ 100.5 मिमी. लायनरला (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या नळीला) 6 खिडक्या पाडल्या, मधल्या पट्ट्या 6 मिमीच्या. पट्ट्या वजा करून पोर्टची लांबी 64.5 मिमी उरते, रुंदी 6 मिमी. ट्रॅव्हल 28 म्हणजे मध्यापासून 14, त्यातून लॅप 9 वजा केला की उघडणं 5 मिमी. वाफेचा वेग 30 मीटरवर आला. अॅडव्हान्स कोन 42.7 अंश, कटऑफ 56 टक्के, एक्झॉस्ट लॅप शून्य ठेवल्यामुळे रिलीज (एक्झॉस्ट उघडणं) 87 टक्क्यांवर. एक्झॉस्टच्या बाजूने तर पोर्ट लवकर पूर्ण उघडतो आणि बराच वेळ उघडा राहतो. लांब ट्रॅव्हलचा निम्मा फायदा मी यातच मानतो.

खिडक्यांना चौकोनी कोपरेच हवेत. गोल भोकं पाडली तर पोर्ट सुरुवातीला चंद्रकोरीएवढाच उघडतो आणि लीडला अर्थ उरत नाही. ड्रिल करून मग फाइलने दोन्ही कडा सरळ केल्या, लायनर चकवर ठेवून डायल गेजने कड तपासली. पट्ट्या जरा तिरक्या ठेवल्या, म्हणजे रिंगचा एकच भाग सतत पट्टीवर घासत नाही.

लायनर आणि बॉबिन (त्यात सरकणारा व्हॉल्व्हचा गोल भाग) दोन्ही एफजी 260 दर्जाच्या बिडाचे, एकाच ओतकामातले. बॉबिन गनमेटलचं (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचं) करावं असं बरेच जण सुचवतात, कारण ते लेथवर चांगलं कापलं जातं. पण गनमेटल अंशाला 18 दशलक्षांश वाढतं, बीड 11. खोलीच्या तापमानापासून 170 अंशांपर्यंत 32 मिमीवर हा फरक 0.03 मिमी होतो आणि तेवढाच तर आपण बॉबिनभोवती क्लिअरन्स ठेवलेला असतो. इंजिन थंड असताना छान फिरतं, वाफ सोडल्यावर बॉबिन आवळतं. शिवाय वाफ सुरू होताच बॉबिन लायनरच्या आधी गरम होतं, म्हणून धातू एकच असला तरी घाईने वाफ सोडायची नसते.

बॉबिनच्या प्रत्येक हेडवर (टोकाच्या जाड भागावर) 2 मिमी रुंदीच्या दोन बिडाच्या रिंगा. त्यांचं तोंड पट्टीवर राहावं म्हणून पिन. लॅप मोजायचा तो रिंगच्या कडेपासून, बॉबिनच्या कडेपासून नाही. वाफ प्रत्यक्षात रिंगच अडवते. ओतकामाचे तुकडे हिंगण्याच्या एमआयडीसीतून करून घेतले. पॅकिंग आणि नटबोल्ट इतवारीत मिळतात, फक्त पॅकिंग ग्रॅफाइटचं मागावं. अॅस्बेस्टॉसची दोरी कोणी दिली तरी घेऊ नये.

वाफ मधून आत आणि दोन्ही टोकांनी बाहेर, अशी इनसाइड अॅडमिशनची मांडणी केली. त्यामुळे व्हॉल्व्ह रॉडच्या ग्लँडवर (रॉड बाहेर पडतो तिथल्या पॅकिंगच्या तोंडावर) फक्त एक्झॉस्टचा दाब येतो आणि गळती जवळजवळ संपते. मात्र या मांडणीत व्हॉल्व्हची चाल उलटी होते. आधी एक्सेंट्रिक क्रँकच्या 90 अधिक अॅडव्हान्स इतका पुढे असायचा, आता 90 वजा अॅडव्हान्स इतका मागे हवा, म्हणजे इथे 47.3 अंश मागे. हे विसरलं तर इंजिन उलट्या दिशेने फिरतं.

कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणाचाही हिशोब लागतो. रॉड क्रँकच्या साडेचार पट असल्याने दोन्ही बाजूंना सारखा लॅप दिला तर कटऑफ कव्हरच्या (क्रँकपासून दूरच्या) बाजूला 62 टक्के आणि क्रँकच्या बाजूला 51 टक्के पडतो. क्रँकच्या बाजूला पिस्टन रॉडमुळे क्षेत्रफळ आधीच 5 टक्के कमी, त्यात वाफही कमी. म्हणून कव्हरच्या बाजूला लॅप 9.2 आणि क्रँकच्या बाजूला 8.5 ठेवला. कटऑफ 61 आणि 53 झाले, लीड 0.3 आणि 1.0. याहून पुढे गेलं तर लीडची विषमता वाढते आणि एका टोकाला ठोका ऐकू येतो.

सगळ्यात जास्त विचार सिलिंडरच्या टोकाच्या क्लिअरन्सवर केला. क्लिअरन्स जितका कमी तितकं चांगलं, असं सरसकट सांगितलं जातं. या इंजिनाला ते लागू नाही. आधीच्या रचनेत पिस्टन आणि कव्हरमध्ये 5 मिमी फट, शिवाय लांब पोर्ट. मिळून 64 घन सेंमी, म्हणजे स्ट्रोकच्या आकारमानाच्या 6.5 टक्के. नव्या रचनेत फट 2 मिमी केली, पोर्टचा रस्ता 55 मिमी केला आणि लायनरभोवतीचा वाफेचा पट्टा 10 मिमी रुंद ठेवला. एकूण 50 घन सेंमी, 5.1 टक्के. सिरिंजने मोजून पातळ तेल भरून हा आकडा तपासता येतो. पिस्टन टोकावर असताना किती तेल मावलं ते पाहायचं.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे एक्झॉस्ट बंद झाल्यावर अडकलेली वाफ पिस्टनने दाबली जाणं. एक्झॉस्ट बंद होतो तेव्हा परतीचा 13.3 टक्के स्ट्रोक बाकी असतो. त्यात 5.1 मिळवून 5.1 ने भागलं की गुणोत्तर 3.6. एक्झॉस्टचा निरपेक्ष दाब 1.1 बार धरला तर शेवटी 4 बार होतो. पिस्टनला मऊ उशी मिळते, पोर्टचा रस्ता आधीच भरतो आणि बॉयलरची वाफ त्यात वाया जात नाही. हाच क्लिअरन्स 2 टक्क्यांवर नेला असता तर गुणोत्तर 7.6 आणि दाब 8.4 बार, म्हणजे चेस्टमधल्या 8 बार निरपेक्ष दाबापेक्षा जास्त. मग लीड उघडताच वाफ सिलिंडरातून उलट चेस्टमध्ये जाते आणि बेअरिंगला दर फेऱ्याला धक्का बसतो. युनिफ्लो मी याच कारणाने टाळलं. त्यात परतीच्या जवळजवळ 90 टक्के स्ट्रोकभर कॉम्प्रेशन चालतं. कंडेन्सर असेल तर ठीक, पण हवेत एक्झॉस्ट सोडणाऱ्या इंजिनात मुद्दाम जास्त क्लिअरन्स ठेवावा लागतो आणि तिथेच त्याची श्रेष्ठता कमी होते.

पिस्टन व्हॉल्व्हचा एक खरा धोका आहे. स्लाइड व्हॉल्व्ह सिलिंडरात पाणी अडकलं तर फेसवरून उचलला जातो आणि पाणी चेस्टमध्ये निसटतं. पिस्टन व्हॉल्व्ह उचलला जात नाही. पाणी दाबलं जात नाही, म्हणून कव्हर फुटतं किंवा रॉड वाकतो. फट 5 वरून 2 मिमी केल्यावर हा धोका आणखी वाढला. म्हणून दोन्ही टोकांना ड्रेन कॉक आणि 8 बारवर लावलेले रिलीफ व्हॉल्व्ह बसवले, चेस्टच्या आधी वॉटर सेपरेटर आणि साचलेलं पाणी काढणारा ट्रॅप. बोअरवेलच्या जड पाण्यात फेस जास्त होतो आणि बॉयलरमधून पाणी वाफेबरोबर निघतं, त्यामुळे ब्लोडाउन (बॉयलरचं थोडं पाणी बाहेर सोडणं) नियमित हवं. सेपरेटर मात्र इंजिनाच्या स्टॉप व्हॉल्व्हनंतरच घेतला. मुख्य स्टीम पाइपचा दाब 3.5 किलो प्रति चौ. सेंमीपेक्षा जास्त असेल तर तो बॉयलर कायद्याखाली येतो आणि त्याला हात लावायचा तर निरीक्षकांची परवानगी घ्यावी लागते.

सेटिंग करताना डेड सेंटर (पिस्टन अगदी टोकावर असण्याची जागा) डोळ्याने ठरवू नये. टोकाजवळ पिस्टन जवळपास थांबलेलाच असतो आणि चाक काही अंश फिरलं तरी कळत नाही. क्रॉसहेड (पिस्टन रॉडच्या टोकाचा सरकता सांधा) टोकाच्या 10 मिमी आधी असताना गाइडवर आणि फ्लायव्हीलवर खूण करायची, टोक ओलांडून क्रॉसहेड त्याच खुणेवर आलं की फ्लायव्हीलवर दुसरी खूण. दोन्हींचा मध्य म्हणजे डेड सेंटर. पिस्टन व्हॉल्व्हची कड दिसत नाही, म्हणून चेस्टमध्ये 0.5 बार हवा सोडली, ड्रेन कॉक उघडा ठेवला आणि चाक हळू फिरवलं. जिथे फुसफुस सुरू होते तिथे पोर्ट उघडला. 300 मिमीचा व्हॉल्व्ह रॉड 100 अंशांनी गरम झाला की 0.33 मिमी वाढतो. सिलिंडरही वाढतो, पण तितकाच नाही. 0.3 लीडसाठी एवढा फरक पुरेसा आहे, त्यामुळे शेवटची तपासणी इंजिन गरम असतानाच करावी. रॉडचा आटा 1 मिमी पिचचा असेल तर पाव फेऱ्याला 0.25 मिमी मिळतात.

तेल आयएसओ व्हीजी 460 दर्जाचं, प्राणिज चरबीचा अंश असलेलं स्टीम सिलिंडर तेल. साधं खनिज तेल ओल्या वाफेत धातूवर टिकत नाही, धुऊन जातं. लुब्रिकेटरची मात्रा मोसमाप्रमाणे बदलावी लागते. डिसेंबरच्या सकाळी नागपुरात पारा 10 अंशांच्या आसपास असतो, तेव्हा हे तेल मधासारखं सरकतं. मे महिन्यात 45 अंशांत तीच मात्रा जास्त होते आणि एक्झॉस्टमधून तेल उडतं. तेलमिश्रित एक्झॉस्टचं पाणी बॉयलरमध्ये परत घालायचं नाही.

हिशोबाने जुन्या सेटिंगला तासाला 135 किलो वाफ लागत होती, नव्याला 88 किलो. भिंतींवरचं घनीभवन दोन्हींत धरलेलं नाही. ताकद थोडी उतरते, पण तेवढ्याच वाफेतून मिळणारं काम हिशोबात सुमारे तिसऱ्या हिश्शाने वाढतं. प्रत्यक्षात तेवढा फायदा पूर्ण हाती येत नाही. एक्झॉस्टच्या वेळी थंड झालेल्या भिंतीवर नवी वाफ आल्याआल्या पाणी होते, आणि कटऑफ जितका लवकर तितका हा तोटा प्रमाणात मोठा. म्हणून मी 56 टक्क्यांवर थांबलो. इंडिकेटरच्या आकृतीत वरची रेघ सपाट झाली, कटऑफचा कोपरा ओळखू येऊ लागला आणि एक्झॉस्टची रेघ खाली बसली. सिलिंडर, कव्हर आणि चेस्टला 40 मिमी रॉकवूल आणि वर अॅल्युमिनियमचा पत्रा लावला. कव्हर उघडं ठेवण्याची सवय सर्रास दिसते, पण कटऑफपर्यंत सिलिंडरच्या भिंतीइतकंच तेही वाफेच्या संपर्कात असतं.

कटऑफ 40 टक्क्यांच्या खाली न्यायचा असेल तर आधी वाफ 50 अंशांनी तरी सुपरहीट (त्या दाबाच्या उकळबिंदूच्या वर गरम) करावी लागेल. त्यासाठी तेलही जास्त तापमानाचं लागेल, बॉबिनचा क्लिअरन्स पुन्हा काढावा लागेल आणि सुपरहीटरच्या कॉइलसाठी परत निरीक्षकांकडे नकाशा द्यावा लागेल.