मामाची शिडी आणि माझ्या तीन रात्री

आमच्या मामाचं दारव्हा तालुक्यात बी-बियाणं अन् खताचं दुकान आहे. तिथला कम्प्युटर २०१२ चा, आय-थ्री, त्यात विंडोज ७. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला होता, पण बिलं निघत होती तोवर मामाला त्याचं काही नव्हतं. या खरिपात ऐन गर्दीत स्क्रीन दिवसातून दोनदा निळी पडायला लागली, तेव्हा फोन आला, "बाबू, पोळ्याले येशीन तं त्याचं काही करून जाजो."

नवं विंडोज पेन ड्राइव्हवर आणतो म्हटलं तर मामा नाही म्हणाला. "पोट्टे त्याच्यात गाणे भरून टाकतात. मले शिडी पाह्यजे, कपाटात ठेवाले." शिडी म्हणजे सीडी, विंडोज टाकायची डिस्क. हट्ट म्हणून ऐकलं, पण म्हणणं खोटं नव्हतं.

विंडोज ११ त्या मशीनवर बसत नाही. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसरही जुना. म्हणून १०, त्याची शेवटची आवृत्ती २२एच२. तिचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, हे मामाला आधीच सांगितलं. "म्हंजे कापूस वेचाच्या आंधी," एवढंच तो म्हणाला.

विंडोज १० ची मूळ फाइल अन् ऑगस्टचं अपडेट नागपुरातूनच उतरवून आणलं होतं. अपडेट डिस्कमध्येच घालायचं कारण म्हणजे गावात इंटरनेट फक्त मोबाइलचं, तेही गच्चीवर टाकीजवळ. नुसतं १० टाकून आलो असतो तर मागून अपडेटांनीच मामाचा रोजचा डेटा सकाळी सकाळी खाल्ला असता.

काम ऐकायला सोपं आहे. सगळं विंडोज जिच्यात असतं अशी इन्स्टॉल डॉट विम नावाची मोठी फाइल असते, ती डिझम या कमांडने एका रिकाम्या फोल्डरात माउंट करायची, म्हणजे उघडून मांडायची. अपडेट आत घालायचं, मग कमिट, म्हणजे बदल सेव्ह करून पुन्हा बंद करायची. तासाभराचं काम, असं मी मामीला जेवताना सांगितलं. हेच चुकलं.

पहिल्या रात्री अपडेट साठ-सत्तर टक्क्यांवर असताना लाईन गेली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटं चालते. लाईन आली पहाटे. पुन्हा माउंट करायला गेलो तर म्हणे हे आधीच माउंट आहे. फोल्डर डिलीट करू पाहिलं, तर परवानगी नाही. शेवटी डिझमचीच साफसफाईची कमांड असते, ती चालवली तेव्हा सुटलं. विम फाइल शाबूत होती, कारण कमिट होईपर्यंत तिला काही होत नाही. कमिट चालू असताना लाईन गेली तर मात्र नवी कॉपी घ्यावी.

दुसऱ्या रात्री अपडेट पूर्ण गेलं. कमिट दिलं. टक्के सरकत सरकत शेवटाला आले अन् लाल अक्षरं: फोल्डर पूर्ण अनमाउंट झालं नाही, आतल्या फाइली कोणीतरी उघडून ठेवल्यात. कोणी? मीच. अपडेट खरंच आत गेलं का ते बघायला फोल्डर उघडून बसलो होतो. खिडकी बंद करून तीच कमांड पुन्हा दिली असती तर भागलं असतं. मी घाबरून सगळं फेकलं अन् शून्यापासून सुरू केलं.

तिसऱ्या रात्री एकही फोल्डर उघडा नाही, अँटिव्हायरस बंद, तरी तोच निरोप. मामा दारातून डोकावला, "झालं का गा?" मी काही बोललो नाही. अर्धा तास स्क्रीनकडे बघत बसल्यावर दिसलं की कमांडची काळी खिडकीच त्या फोल्डरच्या आत उभी होती. मघाशी मीच तिला आत नेलं होतं. मामाला सांगितलं तर म्हणाला, "बाजीवर बसूनच बाज उचलून राह्यला होता का?" खिडकी बाहेर काढली, कमांड पुन्हा दिली, दोन मिनिटांत शंभर टक्के. इतका राग मला लाईन जाण्याचाही आला नव्हता.

हो, सुरुवात करण्याआधी हार्ड डिस्कवर पंचवीसेक जीबी जागा मोकळी ठेवा. अन् विंडोज ७ ची जुनी लायसन-की आता १० ला चालत नाही, लायसन वेगळं घ्यावं लागतं.

डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कम्प्युटर ते ४.३८ मोजतो, अन् मूळ फाइलच साडेपाचच्या वर. मग फक्त प्रो ठेवून बाकीच्या आवृत्त्या काढल्या अन् विमची दाबून ईएसडी, म्हणजे आणखी लहान फाइल केली, तेव्हा मावली. कोऱ्या डीव्हीडी तालुक्याला एका फोटो स्टुडिओत मिळाल्या. लग्नाचे व्हिडिओ आता पेन ड्राइव्हवर जातात, म्हणून गठ्ठा तसाच धूळ खात पडला होता. पहिली घाईत सोळाच्या वेगाने बर्न केली ती वाया गेली, दुसरी चारने केली.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी, गल्लीत पोट्टे लाकडी बैल ओढत होते, तेव्हा दुकानातल्या कम्प्युटरवर १० चढलं. मामाने शिडीवर स्केचपेनने 'हात लावू नये' असं लिहिलं अन् ती सातबाऱ्यांच्या फायलीत ठेवली. बिलाचा जुना प्रिंटर मात्र अजून कागद ओढत नाही. तो दिवाळीला.