आपल्या भीतीनं खणलेला खंदक

मागच्या डिसेंबरात आम्ही कलकत्त्याला गेलो होतो, नवऱ्याच्या ऑफिसातला एक मित्र बागबाजारला राहतो, त्याच्याकडे चार दिवस. नागपूरहून संध्याकाळी गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा, त्यामुळे लेकीला घेऊन जायला काही अडचण नव्हती. ती तेव्हा दीड वर्षाची. पण नवीन घर, नवीन माणसं, दुसऱ्या रात्री तिनं जो भोकाड पसरला की काही केल्या थांबेना. शेवटी मित्राच्या आई उठून आल्या, सगळे त्यांना मासीमा म्हणतात म्हणून आम्हीपण मासीमाच म्हणायचो, त्यांनी तिला माझ्याकडून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि व्हरांड्यात फेऱ्या मारत, पाठीवर थोपटत काहीतरी गुणगुणायला लागल्या. पाच मिनिटांत पोरगी गप्प. मी दारातच उभी होते, बंगाली मला येत नाही, पण एक शब्द परत परत येत होता तो कानाला लागला. बोर्गी.

लेकीला झोपवून झाल्यावर मी विचारलं, मासीमा, बोर्गी म्हणजे काय हो? त्यांनी हिंदीत सांगितलं, अगदी सहज, की हे आमच्याकडचं सगळ्यात जुनं अंगाईगीत, माझ्या आजीनं मला म्हटलं, मी माझ्या मुलांना म्हटलं. अर्थ असा, बाळ झोपलं, पाडा शांत झाला, आणि देशात बोर्गी आले, बुलबुलांनी धान खाऊन टाकलं, आता शेतसारा कशानं भरू? मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बोर्गी म्हणजे तुमच्याकडचेच लोक मा, घोड्यावरचे. मराठा."

मला खरंच काही बोलता येईना. कारण बोर्गी म्हणजे बारगीर, हे तेव्हा डोक्यात चमकलं. शाळेत आपण सगळे शिकलोय, शिलेदार म्हणजे ज्याचा स्वतःचा घोडा, आणि बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळायचं. दोन मार्कांचा प्रश्न असायचा. त्या दोन मार्कांच्या शब्दानं इकडे पावणेतीनशे वर्षं पोरं झोपवताहेत, आणि त्या रात्री त्यानंच माझी नागपूरची पोरगी झोपवली.

दुसऱ्या दिवशी मित्र म्हणाला, अरे मग तुम्हाला एक जागा दाखवतोच, इथंच आहे, चालत दहा मिनिटं. आणि त्यानं आम्हाला मराठा डिच लेनमध्ये नेलं. एक साधी गल्ली. दोन्ही बाजूला घरं, वरती वायरींचं जाळं, एका ओट्यावर म्हातारे पेपर वाचत बसलेले, नळावर एकजण पितळेची कळशी घासत होता. बघण्यासारखं काहीही नाही, ना भिंत ना बुरूज. फक्त नाव. पण ज्या खंदकाचं हे नाव आहे तो आपल्या लोकांच्या भीतीनं खणला होता, 1742 साली, आणि मी नागपूरच्या महाल भागात वाढलेली, भोसल्यांचा वाडा रोज शाळेत जाताना दिसायचा, तरी ही गोष्ट मला तोवर कोणी सांगितली नव्हती.

तर झालं असं. 1740 मध्ये अलीवर्दी खान बंगालचा नवाब झाला, बंगाल बिहार ओरिसा तिन्ही सुभे त्याच्याकडे. बंगाल म्हणजे तेव्हा पैशाचा डोंगर, रेशीम, मलमल, मीठ, सगळ्या युरोपियन कंपन्या तिथं येऊन बसलेल्या. मराठ्यांना चौथाई, म्हणजे वसुलीचा चौथा हिस्सा, द्यायला नवाब तयार नाही. मग नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी आपले दिवाण भास्करराम कोल्हटकर यांना, म्हणजे आपले भास्करपंत, फौज देऊन पाठवलं. 1742 च्या एप्रिलमध्ये त्यांनी बर्दवानजवळ नवाबाला असा घेरला की त्याच्या छावणीत दाणागोटा पोचेना. मग मीर हबीब नावाचा तिथलाच एक मुरलेला सरदार मराठ्यांना येऊन मिळाला, ज्याला सगळ्या वाटा ठाऊक होत्या, आणि मे महिन्यात थेट राजधानी मुर्शिदाबादेवर धाड पडली, तिथला बडा सावकार जगतसेठ, त्याची कोठीसुद्धा लुटली. त्याच पावसाळ्यात हुगळी घेतलं. हुगळी ते कलकत्ता अंतर किती, साधारण चाळीस किलोमीटर. घोडदळाला ते कितीसं?

कलकत्ता तेव्हा शहर असं नव्हतंच, सुतानुटी, कलकत्ता, गोविंदपूर ही तीन गावं, नदीकाठी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा किल्ला आणि त्याच्या अवतीभवती व्यापारी, विणकर, कारागीर. नदीच्या पश्चिमेकडची माणसं जीव मुठीत घेऊन पूर्वेकडे पळत होती आणि त्यातली कितीतरी इथं येऊन राहिली. आणि खंदक खणायची मागणी आली ती इथल्या देशी रहिवाशांकडून. त्यांनी कंपनीकडे परवानगी मागितली की आम्ही आमच्या खर्चानं खणतो. उत्तरेला सुतानुटीच्या टोकापासून सुरू करून पूर्वेकडून वळसा घालत दक्षिणेला गोविंदपूरपर्यंत, सात मैलांची अर्धगोल रेघ, चौथ्या बाजूला नदी आहेच. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले.

मला हे वाचताना सारखं वाटत होतं की भिंत का नाही बांधली? मग लक्षात आलं, बांधणार कशाची! आपल्याकडे सह्याद्रीत जिथं हात घालाल तिथं काळा दगड, डोंगराचाच कडा तासला की अर्धा तट तयार, म्हणून आपल्या डोक्यात संरक्षण म्हटलं की तट, बुरूज, माची हेच येतं. तिकडे गंगेच्या गाळाची जमीन, मैलोन्‌मैल दगड नाही, चार हात खणलं की पाणी. तिथं खंदकच शहाणपणाचा, आपोआप पाण्यानं भरतो, आणि मऊ चिखलाच्या काठावरून घोडा उडी घेऊ शकत नाही. निघालेली माती आतल्या बाजूला टाकली की तिथं उंचवटा तयार. हलक्या, वेगानं येणाऱ्या घोडदळाला अडवायला याहून साधा उपाय नाही. आपल्या बारगिरांची सगळी ताकद वेगात होती हे त्या लोकांनी बरोबर ओळखलं होतं.

आणि मग मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. नदी ओलांडून त्या बाजूला मोठं काही घडेना, अलीवर्दी लढत होता, भीती जशी ओसरली तसं खणणंही थांबलं, आणि उरलेले चार मैल कधीच झाले नाहीत.

ज्यांच्यासाठी खणला ते आले नाहीत, पण 1756 च्या जूनमध्ये दुसराच आला, अलीवर्दीचा नातू सिराजउद्दौला, प्रचंड फौज घेऊन. उत्तरेला बागबाजारच्या टोकाला जिथं मोर्चा होता तिथं त्याला इंग्रजांनी अडवलं. पण मग फौज पूर्वेकडून आत शिरली, तिथं अडवायला काहीच नव्हतं, आणि 20 जूनला किल्ला पडला. अर्धवट खंदकाचा उपयोग शून्य. पुढे प्लासी झाल्यावर मात्र या खंदकाला भलतंच महत्त्व आलं, 1757 च्या तहात नवा नवाब मीर जाफर यानं कंपनीला खंदकाच्या आतली सगळी जमीन आणि बाहेरची आणखी 600 यार्ड अशी मोजून दिली. म्हणजे आपल्या भीतीनं मारलेली रेघ ही इंग्रजांच्या मालकीची हद्द झाली! 1794 मध्ये शहराची सीमा ठरवली तीही याच खंदकाच्या आतल्या काठानं. 1799 मध्ये बराचसा भाग बुजवून सर्क्युलर रोड केला, राहिलेला तुकडा 1892-93 मध्ये बुजवला. आज सियालदहला उतरून तुम्ही बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर आलात, आचार्य प्रफुल्लचंद्र रोड किंवा पुढे आचार्य जगदीशचंद्र बोस रोड, तर तुम्ही ढोबळमानानं त्या जुन्या रेघेवरून चालताय. बसेस, रिक्षा, फळवाले, धक्काबुक्की. मी तिथं उभी राहून उगाच खाली बघत होते, जणू काही दिसणार आहे.

मुंबईचंही असंच आहे हे मला नंतर कळलं. 1739 च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली, आपल्याला ती वसईची घंटा, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली, तेवढी माहीत असते. पण तिकडे वसई पडल्याबरोबर मुंबईतल्या व्यापाऱ्यांनी 30,000 रुपये वर्गणी काढली, फोर्टच्या तटाबाहेर खंदक खणायला. कारण तोच, आता मराठे आपल्यावर येतील. तो तट 1860 च्या दशकात पाडला, आता फक्त फोर्ट, चर्चगेट, बझारगेट ही नावं उरलीत आणि आपण रोज ती लोकलच्या डब्यात उच्चारतो. दोन समुद्र, दोन शहरं, तीन वर्षांच्या अंतरानं खणलेले दोन खंदक, आणि दोन्हींच्या पलीकडे आपण.

मला अभिमान नाही असं नाही. रघुजीराजांनी नागपूरला राजधानी केलं, ते गाव मोठं केलं, आमच्या घरात त्यांचं नाव आदरानंच घेतात आणि मीही घेते. आपण सगळेच ‘अटक ते कटक’ म्हणतो ना, त्यातलं कटक याच मोहिमांतून आलंय, 1751 च्या तहात सुवर्णरेखा नदीपर्यंतचा ओरिसा भोसल्यांकडे आला आणि वर्षाला 12 लाख चौथाई ठरली. पण त्या तहाआधीची जी दहा वर्षं आहेत ती आपण कधी बघतच नाही. गंगाराम नावाच्या बंगाली कवीचं त्याच काळातलं एक काव्य आहे, त्याचं नावच महाराष्ट्र पुराण. त्यात सुरुवातीला तर पृथ्वीवर पाप फार झालं म्हणून शंकर नंदीला शाहूराजाकडे पाठवतात, म्हणजे आपले लोक येतात तेच मुळी देवाच्या आज्ञेनं. आणि मग पळणाऱ्या लोकांची यादी येते. ब्राह्मण पोथ्यांचं गाठोडं घेऊन पळतात, सोनार तराजू घेऊन, कोळी जाळी घेऊन. त्यांना रानात गाठून रुपये मागतात, हातपाय तोडतात, बायकांचं जे वर्णन आहे ते मी इथं लिहीत नाही, वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. आणि शेवटाकडे देवीच भास्करपंतांवर कोपते.

देवीचं आठवलं म्हणून सांगते, भास्करपंतांनी त्याच 1742 च्या नवरात्रात काटव्याजवळ दाईहाटला मोठी दुर्गापूजा मांडली होती. म्हणजे ज्यांच्या मुलखात लूट चालली होती त्यांचीच देवी, त्यांच्याच पद्धतीनं. अलीवर्दीनं रातोरात नदी ओलांडून पहाटे छापा घातला आणि पूजा अर्धी टाकून पंतांना निघावं लागलं. दीड वर्षानं, 31 मार्च 1744 ला, मनकरा इथं बोलणी करायला म्हणून तंबूत बोलावून नवाबानं त्यांना आणि बरोबरच्या सरदारांना कापून काढलं. दगा झाला हे खरंच आहे, आणि आपल्याकडे ती दग्याची गोष्ट सांगतात, मीही लहानपणी तीच ऐकली. तिकडे त्याच बातमीनं गावोगाव लोकांनी सुटकेचा श्वास सोडला असणार. दोन्ही एकाच दिवशीचं.

आमच्या नागपुरात तान्ह्या पोळ्याला मारबत, म्हणजे इडापीडेचा मोठा पुतळा, मिरवणुकीनं निघते. रोगराई, इडापीडा घेऊन जा गे मारबत म्हणून सगळं गाव ओरडतं, लहानपणी मी बाबांच्या खांद्यावर बसून गळा फाटेस्तोवर ओरडलेय. बंगालच्या एखाद्या गावाला तेव्हा मारबत काढायची असती तर तिचं तोंड कुणासारखं केलं असतं, हा विचार त्या गल्लीत उभं असताना आला आणि अजून जात नाही.

मासीमांना मी निघायच्या आदल्या रात्री म्हटलं, मला खरंच वाईट वाटलं हो सगळं वाचून. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, तू कशाला वाईट वाटून घेतेस, गाणं तर पोरं झोपवायलाच राहिलंय. मग त्यांनी मला ते पूर्ण म्हणून दाखवलं, मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं. पुढची ओळ तेव्हा कळली मला. धान संपलं, पान संपलं, आता साऱ्याचं कसं करायचं, अजून थोडे दिवस दम धरा, लसूण पेरलाय.

घरी आल्यावर बाबांना ऐकवलं. बाबा रिटायर्ड, सकाळी गांधी गेटपर्यंत फिरून येतात, आमच्या जुन्या शहराच्या तटाचा तो दरवाजा, जुने लोक अजून जुम्मा दरवाजाच म्हणतात. रघुजीराजांबद्दल कोणी वावगं बोललेलं त्यांना चालत नाही, त्यामुळे मी थोडी घाबरतच लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, परत लाव म्हणाले, परत लावलं. मग एकेका ओळीचा अर्थ विचारला. बुलबुल, धान, सारा, सगळं सांगितलं. लसणाच्या ओळीवर ते थांबले. बाबांचं बालपण काटोलकडे शेतात गेलंय.

"लसूण निघायले चार महिने लागतात बाई," ते म्हणाले. "कधीकधी पाच."

आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.