तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या पॉडकास्टला कॅमेरा का नाही

बालगंधर्व रंगमंदिरातल्या मध्यंतरात, सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात, कुणाच्या तरी पुस्तक प्रकाशनानंतर हा प्रश्न मला गाठतोच. पुण्यातल्या नाटक-संगीतावर पॉडकास्ट करता, चांगला करता, पण व्हिडिओ का नाही करत? त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: आजकाल नुसतं ऐकतं कोण? विचारणारे बहुतेक हितचिंतक असतात, म्हणून आजवर काहीतरी सुटसुटीत बोलून मी वेळ मारून नेली. आम्ही माणसं दोनच, दिवे आणि कॅमेरे परवडत नाहीत, एडिटिंगला वेळ कुठून आणायचा. यातलं काहीही खोटं नाही, पण ते कारणही नाही. कॅमेरा फुकट वापरायला देणारे भेटले, त्यांनाही मी नकोच म्हणाले. मग 'हिचा हट्ट आहे', 'काळाबरोबर चालायला नको' असं कानावर येऊ लागलं. तेव्हा एकदाचं सविस्तर लिहिते.

सुरुवातीच्या एका भागात मी नुसत्या आवाजाचं मोठं तात्त्विक समर्थन केलं होतं. ते अजूनही कुणी कुणी मला ऐकवतं. या शहराची कला आपल्यापर्यंत कानावाटेच आली आहे, असं मी म्हटलं होतं. 'स्वयंवर' १९१६ साली रंगभूमीवर आलं. भास्करबुवा बखल्यांच्या चाली, बालगंधर्वांची रुक्मिणी. ती रुक्मिणी पाहिलेलं माणूस आज कुठून आणायचं? गाणं मात्र आहे. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची, आणि तेवढ्या वेळात बसवलेल्या पदांवरून पुढच्या पिढ्या गायला शिकल्या. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला आकाशवाणीचं पुणे केंद्र. पुण्याचा कान या दोघांनी मिळून घडवला, असं माझं म्हणणं होतं.

तेव्हाच्या माझ्याशी आज मला वाद घालावासा वाटतो. तबकडीवर नुसता आवाज राहिला, कारण दुसरं काही ठेवायची सोय नव्हती. कुणी तेव्हा रंगमंचासमोर कॅमेरा लावला असता तर बालगंधर्वांचं चालणं, पदराशी चाललेला बोटांचा चाळा मी पुन्हा पुन्हा पाहिला असता. आणि गाण्याकडून नाटकाकडे वळलं की माझा युक्तिवाद आणखीच लंगडा पडतो. 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ला भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा झालं. त्यातली ब्राह्मणांची डुलणारी रांग, जी क्षणात पडदा होते आणि क्षणात फुटून गर्दी होते, ती मी ऐकवू कशी? भास्कर चंदावरकरांच्या संगीताबद्दल मी तासभर बोलू शकते. कृष्णदेव मुळगुंदांनी बसवलेल्या हालचालींबद्दलही बोलता येईल, पण त्या पाहिलेल्या माणसालाच माझं बोलणं कळेल. तेव्हा ते तत्त्वज्ञान राहू दे. कॅमेरा बंद झाला तो तत्त्वज्ञानामुळे नाहीच.

तो बंद झाला एका बाईंमुळे. त्यांचं नाव सांगणार नाही, ओळख पटेल असंही काही लिहिणार नाही. संगीत नाटकांत त्यांनी उमेदीची वर्षं काढली, एवढं पुरे. आम्ही तेव्हा व्हिडिओ करायला लागलो होतो. बऱ्याच जणांना हे माहीतच नाही, कारण ते भाग आता कुठे नाहीत.

बाईंनी फोनवर आधीच विचारून घेतलं होतं, "फोटो असणारे का गं?" व्हिडिओ आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "मग जरा बरं पातळ नेसते." आम्ही पोचलो तेव्हा त्या तयार होऊन बसलेल्या होत्या. उजेडासाठी आम्ही खुर्ची खिडकीपाशी ओढली. ती त्यांची रोजची बसायची जागा नव्हती. पहिला सगळा वेळ त्या सत्काराला उत्तर देतात तसं बोलल्या. गुरूंची कृपा, मायबाप रसिक, आमच्या वेळची शिस्त. प्रत्येक उत्तर संपलं की नजर कॅमेऱ्याकडे जायची. हात मांडीवर, एकात एक घट्ट धरलेले. ते का, हे मला उशिरा कळलं. उजव्या हाताला कंप होता.

मध्ये थांबलो. कॅमेरा बंद झाला, रेकॉर्डर चालू आहे हे मी त्यांना सांगितलं, त्या म्हणाल्या, "असू दे." आणि त्या सैलावल्या. रात्रभर बसमधून येऊन संध्याकाळी प्रयोग असेल तर घसा कसा जपायचा. वन्समोअर आला की पदाचा कुठला भाग परत घ्यायचा आणि कुठला मुळीच घ्यायचा नाही. नव्या ऑर्गनवाल्याने भलत्याच पट्टीत सूर धरला तर पदाआधीचं गद्य वाक्य लांबवून, प्रवेश न मोडता, त्याला खूण कशी करायची. बोलता बोलता त्यांनी मला फोनवर तंबोरा लावायला सांगितला. "काळी चार पट्टी होती माझी. आता खाली, काळी दोन लाव." माझ्या सहकाऱ्याने विचारलं, "ताई, कॅमेऱ्यात घेऊ का हे?" "घे की," त्या म्हणाल्या. रुक्मिणीच्या एका पदाच्या दोन ओळी त्यांनी म्हटल्या. दुसऱ्या ओळीत वरच्या सुराला आवाज पोचला नाही. त्या थांबल्या. "इथे तेव्हा मी श्वास घ्यायचे नाही. आता घ्यावा लागतो. बघ कुठे घेते." आणि तीच ओळ, श्वास कुठे चोरला ते कळेल अशी, पुन्हा म्हटली. गाण्याबद्दल इतकं उघड आणि इतकं उपयोगाचं बोलणं मी मोठमोठ्या मैफलींनंतरही ऐकलेलं नाही.

परवानगी होती, हे मी मुद्दाम लिहिते आहे. नंतर 'म्हाताऱ्या बाईला फसवलं' असंही बोललं गेलं. कुणी फसवलं नव्हतं.

पूर्ण भाग प्रसिद्ध झाला आणि त्याच्याबरोबर ४० सेकंदांचा एक रील. गाण्याच्या दोन ओळी, तो न पोचलेला सूर, थरथरणारा हात. श्वासाबद्दलचं बोलणं त्यात मावलं नाही. आमच्या कुठल्याही भागाला मिळाले नव्हते इतके लोक त्या रीलला मिळाले. त्याखाली लिहिलेलं सगळं मी वाचलं. चांगलंही होतं, पण सगळ्यात वर होतं ते वेगळं. 'आजी, आता आराम करा.' 'सूर गेला, हौस नाही गेली.' कुणी त्यांचा तरुणपणीचा फोटो शोधून शेजारी लावला. एकाने हाताच्या कंपाची नक्कल करून स्वतःचा रील केला.

आम्ही आमचा काढून टाकला, तोवर तो फोनाफोनांवर पसरला होता. नातीने बाईंना दाखवला तो कौतुकाने, खालचं न वाचता. बाईंनी वाचलं. मला त्यांचा फोन आला तेव्हा आवाजात राग नव्हता. म्हणाल्या, "अगं, एवढा हलतो हात माझा? मला वाटायचं, पदराखाली दिसत नाही कुणाला." मी काय बोलले ते मला आठवत नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आता कुठे जायचं म्हटलं की विचार पडतो." संगीत नाटकाचा प्रयोग असला की त्या पुढच्या रांगेत असायच्याच. त्यानंतर मला त्या कुठे दिसल्या नाहीत. वय आहे, तब्येत आहे, कारण दुसरंही असू शकेल. मी त्यांना ते विचारलेलं नाही.

तोच भाग आम्ही नुसत्या आवाजाचाही ठेवला होता. तो ऐकणारे थोडे होते. पण गाणं शिकणाऱ्या मुलींनी कळवलं की श्वासाची जागा कितव्या मिनिटाला आहे ते सांगा, पुन्हा ऐकायची आहे. एका गायनशिक्षकांनी तो वर्गात लावला. बाईंच्या वयाबद्दल त्यांतल्या एकानेही अवाक्षर काढलं नाही. म्हणून 'रीच वाढेल' असं कुणी म्हणालं की मी गप्प होते. वाढतो, मी पाहिलंय.

माझ्या सहकाऱ्याला हे पटत नाही, आणि त्याचं म्हणणं इथे आलं पाहिजे. तो म्हणतो, "कॅमेऱ्याने काही केलं नाही, कापाकापीने केलं. अख्खा व्हिडिओ बघितलेल्यांपैकी कुणी वाकडं लिहिलं का?" खरंच नव्हतं लिहिलं. नुसत्या आवाजाचे ४० सेकंद कापून टाकले असते तरी 'सूर गेला' म्हणणारा कुणी भेटलाच असता. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मी एवढंच म्हणते, की आपण नाही कापला तर व्हिडिओ दुसरं कुणीतरी कापतं, आणि आवाजाच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. तो म्हणतो, ही भीती झाली, कारण नव्हे. असेल.

पण कॅमेरा गेल्यापासून आम्हाला जे मिळालं तेही मोजा ना. रेकॉर्डर घेऊन मी विंगेत उभी राहू शकते. सेट लागत असताना बॅकस्टेजचा माणूस फ्लॅटला, म्हणजे सेटच्या उभ्या चौकटीला, आधार ठोकत ठोकत बोलतो, हातातलं काम थांबवत नाही, आणि कोणत्या थिएटरात टेम्पो कुठे लावावा लागतो इथपासून कुठल्या नाटकाचा सेट उगाच जड आहे इथपर्यंत सगळं सांगतो. कॅमेरा असता तर त्याने आधी शर्ट बदलला असता आणि मग नाटकाची स्तुती केली असती. पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेला भरतच्या आत 'अरे, आवाज कुणाचा' अशा घोषणांचं सुरू होतं, ते पहिल्यांदा स्पर्धेत उतरलेली मुलं विंगेत उभी राहून ऐकत असतात. १९६३ सालापासूनच्या या स्पर्धेचे फोटो पुष्कळ निघाले असतील. मला तो आरडाओरडा आणि त्यामागे एका मुलीचं पुटपुटत चाललेलं पाठांतर हवं होतं. ते मिळालं, आणि मुलगी कोण हे कुणाला कळलं नाही.

आजकाल नुसतं ऐकतं कोण, याचं उत्तर सोपं आहे. हात कामात असलेली माणसं ऐकतात. प्रवासातली ऐकतात. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ती माणसं ऐकतात, आणि नाट्यगृहाचं वर्णन आणखी बारकाईने करा असं कळवतात.

याच्या उलटंही एक पत्र माझ्याकडे आहे. लिहिणाऱ्याला ऐकू येत नाही. नाटकांचं वेड आहे, पुढच्या रांगेचं तिकीट काढून ओठांवरून आणि हावभावांवरून तो नाटक समजून घेतो. त्याने लिहिलंय, 'या शहराबद्दल तुम्ही जे काही करता ते माझ्यापुरतं नाहीच.' आम्ही प्रत्येक भागाचं बोलणं लिहून काढायला लागलो. त्याने आभार मानले आणि विचारलं, 'पण बोलताना ते दिसतात कसे?' बाईंची गोष्ट मी त्याला लिहून पाठवली नाही. ती त्याच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही.

आता एका रंगभूषाकारांना बोलवायचं चाललंय. नाट्यगृहांच्या मेकअप रूममध्ये त्यांनी आयुष्य काढलंय. ते फोनवर म्हणाले, "चेहरा म्हातारा कसा करायचा ते मी बोलून सांगू? आरशासमोर बसवतो कुणाला तरी, कॅमेरा आणणार असाल तर या." सहकारी तर एका पायावर तयार आहे. मी त्यांना अजून काही कळवलेलं नाही.