तुम्ही विचारलंत म्हणून: पॅकेट स्विचमध्येच का थांबवत नाही?

‘ऑप्टिकल स्विचमध्ये मोठा बफर द्या, पेसिंगचा त्रास एजवाल्यांना कशाला?’ हे इतक्यांदा विचारलं जातं की एकदा नीट उत्तर देतो. ऑप्टिकल स्विच म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेटं, प्रकाशातच पुढे पाठवणारा स्विच; बफर म्हणजे पॅकेटांची थांबायची जागा; पेसिंग म्हणजे पॅकेटं एकदम न सोडता अंतर राखून सोडणं; आणि एज म्हणजे नेटवर्कची कड, जिथून डेटा आत शिरतो.

प्रकाशासाठी रॅम नाही, फायबरची गुंडाळी आहे. फायबरमध्ये १ किमीला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. १० जीबीपीएसला १५०० बाइटचं पॅकेट १.२ मायक्रोसेकंदाचं, ते थोपवायला २४० मीटर फायबर. राउटरच्या बफरात २५० मिलिसेकंदांचा डेटा मावावा हा जुना नियम पाळायचा तर ५०,००० किमी लागेल, पृथ्वीच्या घेरापेक्षा जास्त! शिवाय गुंडाळीत शिरलेलं पॅकेट ठरल्या वेळीच बाहेर येतं, पुढचा पोर्ट मोकळा असो वा नसो. पुन्हा फिरवलं की नॉइज वाढतो.

म्हणून बफर पंधरा-वीस पॅकेटांचा. आता सर्व्हरकडे बघा. टीएसओ (डेटाची पॅकेटं पाडायचं काम नेटवर्क कार्डावर सोपवणारी सोय) चालू असला की तो ६४ केबीचा तुकडा एका दमात सोडतो, म्हणजे साधारण ४४ पॅकेटं एकामागोमाग, ५३ मायक्रोसेकंदांत. असे दोन झोत दोन पोर्टांवरून एकाच आउटपुटवर आले, तर त्या वेळात ८८ येतात आणि ४४ जातात. बफर १५ चा, म्हणजे २९ पडली. एकाच विंडोतली (पोच यायच्या आत पाठवलेल्या डेटातली) इतकी पॅकेटं गेली आणि टीसीपी, म्हणजे हरवलेली पॅकेटं पुन्हा पाठवणारा प्रोटोकॉल, पोचेची वाट बघत टाइमआउटला पोचलं, तर लिनक्सवर किमान २०० मिलिसेकंद सगळं ठप्प. आणि लिंकचा सरासरी वापर? कदाचित दहा टक्केसुद्धा नसेल. आलेख बघून ‘लोड नाही, मग लॉस कसा’ म्हणणाऱ्यांनी हा हिशोब मांडून पाहावा. पेसिंगने तीच ४४ पॅकेटं १०० मिलिसेकंदांच्या आरटीटीवर (पॅकेट जाऊन पोच परत यायच्या वेळेवर) पसरली, तर दोन पॅकेटांत २.३ मिलिसेकंदांची फट पडते.

लिनक्समध्ये एफक्यू (पेसिंग करणारी पॅकेटांची रांग) लावलं की काम संपत नाही. तेही साधारण एक मिलिसेकंदाचा डेटा एकत्रच सोडतं. १०० एमबीपीएसच्या प्रवाहाला आठेक पॅकेटं. टीएसओचा आकार खाली आणावा लागतो, आणि सीपीयूचा खर्च वाढतो. तो वाढतो, हे मान्य.

खरी अडचण वेगळीच आहे. पेसिंग करणारा प्रवाह पेसिंग न करणाऱ्यांच्या गर्दीत मागे पडू शकतो. २००० सालीच सिम्युलेशनमधून हे दाखवलं गेलं. ‘आधी मीच का?’ या तक्रारीला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. म्हणून माझा आग्रह एज राउटरचा: तिथे इलेक्ट्रॉनिक मेमरी आहे. रांग आखूड असताना सावकाश सोडा, लांबेल तसा वेग वाढवा, ठरलेल्या लांबीला पूर्ण लिंक-वेग द्या. विलंब मर्यादेत राहतो. पण ही लांबी फार कमी ठेवली, तर झोत जसाच्या तसा आत शिरतो.