गाडी लांब, लूप आखूड

माझ्या बेंचवर एरवी इन्व्हर्टर आणि ॲम्प्लिफायर येतात. आगगाडीसाठी बोलावलं ते कोथरूडच्या एका काकांनी. जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहून लागलेलं वेड. गच्चीवरच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत एचओ मापाचे, म्हणजे १:८७ प्रमाणातले रूळ. "मालगाडी लूपमधून मस्त जाते हो. पॅसेंजर शिरली की सगळंच ठप्प!"

काकांनी जुना डीसी कंट्रोलर काढून नुकतीच डीसीसी, म्हणजे रुळांतूनच इंजिनांना डिजिटल हुकूम पाठवणारी यंत्रणा, बसवली होती. डीसीचा कारभार सरळ असतो: रुळांवर शून्य ते १२ व्होल्ट, नॉब फिरवला की वेग वाढतो, पोलॅरिटी उलटली की गाडी मागे. पण एकाच रुळावर दोन इंजिनं ठेवलीत की दोन्ही एकदम पळणार. वेगवेगळी चालवायची तर रुळांचे तुकडे पाडा आणि टॉगल स्विचची रांग लावा. डीसीसीत रुळांवर व्होल्टेज कायम पूर्ण असतं. ऑसिलोस्कोप लावला तर पडद्यावर चौकोनी लाटा, काही अरुंद, काही रुंद. अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची असली की एक, १०० किंवा जास्त असली की शून्य. हुकूम जातात ते यातूनच. इंजिनातला डीकोडर आपल्या नंबरचा तेवढा उचलतो. (नवा डीकोडर ३ नंबर घेऊनच येतो. काकांची दोन नवी इंजिनं जोडीनं पळायची ती त्यामुळे. घरात भुताटकीची चर्चा झाली होती.)

लूपमध्ये गाडी वळसा घालून त्याच रुळावर परत येते, त्यामुळे डावा रूळ उजव्याला भिडतो. म्हणजे थेट शॉर्ट. म्हणून लूपचा तुकडा दोन्ही टोकांना कापून त्याला ऑटो-रिव्हर्सर लावतात. चाकानं फट जोडून शॉर्ट झाला की तो काही मिलिसेकंदांत तुकड्याची पोलॅरिटी उलटवतो. इंजिनाला पत्ताही लागत नाही, कारण इथे दिशा हुकुमानं ठरते.

रिव्हर्सर ठणठणीत निघाला. मग टेप लावली. कापलेला तुकडा सव्वा मीटर, पॅसेंजर दीड. शिवाय मालगाडीच्या डब्यांना प्लॅस्टिकची चाकं, पॅसेंजरच्या डब्यांना धातूची, आतल्या दिव्यांसाठी करंट घेणारी. इंजिन बाहेर पडत असताना शेवटचा डबा अजून आत शिरतोय. एक टोक जुळवावं तर दुसरीकडे शॉर्ट. रिव्हर्सर बिचारा इकडून तिकडे करत बसायचा आणि रुळांना वीज पुरवणारा बूस्टर ट्रिप व्हायचा.

"दोन डबे काढले तरी चालेल," मी म्हटलं.

"ते सोडून काय ते बोला."

मग एक फट वायरनं जोडली आणि नवी लूपमध्ये पुढे सरकवून कापली. तुकडा दोन मीटरचा झाला, पॅसेंजर न अडखळता बाहेर आली. आता अजून किती डबे बसतील, याचा हिशेब काकांनी माझ्यासमोरच मांडायला घेतला.